देवयानी कृष्ण यांचीं मुद्राचित्रें : अस्सल कोणतें व नक्कल कोणती

चांदूर रेल्वे येथील एका जुन्या घराण्याचीं दप्तरें कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही तपासलीं. रुमालांत गांवकीच्या तंट्यांचे कागद, कापसाच्या व्यापाराचे हिशेब, दोन तीन पोथ्या आणि शेवटीं भिंतीवरून उतरवून ठेवलेल्या चित्रांची एक वळकटी असा तो संग्रह होता. वळकटींत रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी होती, पुण्याच्या चित्रशाळेचीं दोन चित्रें होतीं, आणि त्यांच्याच पोटांत जाड पांढऱ्या कागदावर उमटविलेलें, गर्द निळ्या व विटकरी रंगांचें, मनुष्याकृतीचें एक लहान चित्र होतें. घरांतील कोणी दिल्लीस नोकरीला असत, त्यांनीं तें आणलें असावें. चित्राखालीं पेन्सिलीनें कांहीं लिहिलेलें होतें. याद करतांना आम्ही चारही कागद ‘छापील चित्रें, नग ४’ असे एका ओळींत नोंदविले, आणि पुढें मालकांच्या इच्छेवरून ते चौकटींत बसविण्यासाठीं एका कारागिराकडे दिले.

कारागिरानें चौकटीच्या मापानें चारही कागदांच्या कडा कापल्या. लक्ष्मीचें त्यांत फारसें बिघडलें नाहीं. चौथ्या कागदाचें मात्र सर्वस्व गेलें. कारण पेन्सिलीची सही, प्रतीचा अंक आणि पत्र्याच्या दाबानें कागदांत उमटलेली कड हीं तिन्ही त्या कापलेल्या पट्टींत होतीं. तें चित्र कोणाचें व किती प्रतींपैकीं कितवें हें सांगण्यास आतां साधन उरलें नाहीं. मोर्तब व शिक्का कापून टाकून मजकूर तेवढा ठेवलेल्या पत्राची जी अवस्था, तीच त्याची. हा दोष कारागिराचा नव्हे. यादी करणाराचा, म्हणजे आमचा.

उरलेल्या भागावरून एवढें ओळखतां येतें कीं, एकाच पत्र्यावरून एकाच दाबांत अनेक रंग उमटविण्याची रीत त्यांत वापरलेली आहे. ही रीत भारतांत ज्यांनीं आरंभीं चालविली त्यांत मूळच्या इंदूरच्या देवयानी कृष्ण ह्या एक होत. आमच्या हातून बिघडलेला कागद त्यांचाच होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो समजून घेण्याच्या निमित्तानें त्यांच्या कामाकडे आम्ही वळलों, आणि छापील चित्र म्हणजे मूळ चित्राची नक्कल, ही जी आमची समजूत होती ती त्यानंतर टिकली नाहीं. तीच समजूत आमच्या पुष्कळ संग्राहक मित्रांची आहे हें ठाऊक असल्यामुळें प्रस्तुत लेख लिहीत आहों.

वाचकांपैकीं अनेकांनीं ताम्रपटांचे किंवा शिलालेखांचे ठसे घेतले असतील. ओला कागद अक्षरांवर बसवावयाचा, ब्रशानें ठोकून तो खळग्यांत उतरवावयाचा, आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवावयाची. शाई उंच भागावर बसते, खळग्यांतील कागदास लागत नाहीं. म्हणून काळ्या जमिनीवर पांढरीं अक्षरें दिसतात, व शाई कागदाच्या पाठीवर लागलेली असल्यानें तीं सुलटीं वाचतां येतात. मुद्राचित्राच्या पत्र्याची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथें शाई खळग्यांत भरतात, पत्र्याचा वरचा भाग मलमलीसारख्या कापडानें पुसून घेतात, आणि ओलसर कागद त्यावर ठेवून, वर लोकरी कापडाचे थर घालून, सर्व मिळून दोन रुळांच्या दाबांतून काढतात. कागद दाबानें खळग्यांत शिरतो व तेथली शाई उचलून आणतो. म्हणून रेघ काळी, जमीन पांढरी, आणि आकृति आरशांतल्याप्रमाणें उलटी. पत्रा कागदाहून लहान असतो, त्यामुळें त्याची कड कागदांत खोल उमटते व बोटास लागते.

ह्या दोन रीतींत शाईच्या जागेपेक्षांहि मोठा एक भेद आहे. ताम्रपटाच्या बाबतींत पत्रा हाच अस्सल लेख. ठसा ही त्याची प्रत. राजानें दान दिलें तें पत्र्यावर, कागदावर नव्हे. मुद्राचित्रांत पत्रा हा लेखच नाहीं. तो लेखणीसारखा आहे. चित्रकारास जें दाखवावयाचें तें पत्र्यावर कोठेंच दिसत नाहीं; तेथें नुसते खळगे व उंचवटे असतात. शाई किती भरली, किती पुसली, कोणता रंग आधीं लावला, कागद किती ओला ठेवला, ह्या सर्वांनीं मिळून चित्र प्रथम अस्तित्वांत येतें तें कागदावर. त्याच्या मागें दुसरें कोणतेंहि मूळ नसतें. मग पंचवीस प्रती निघाल्या तर पंचवीस अस्सल निघाले असेंच म्हटलें पाहिजे. एकाच मजकुराचीं पत्रें पांच सरदारांस रवाना झालीं, प्रत्येकावर शिक्का झाला, तर त्यांतलें एक अस्सल व चार नकला असें आपण म्हणत नाहीं.

तांब्याच्या पत्र्यावरून कागद छापणें महाराष्ट्रास अगदीं नवें नव्हे. पेशव्यांच्या दरबारीं असलेला इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यानें पुण्याच्या एका तांबटास उलटीं अक्षरें कोरण्याची कला शिकविली. नाना फडणिसांच्या मनांत भगवद्गीता छापवावयाची होती, पण इ. स. १८०० त नाना वारले, आणि तो कारागीर मिरजेस गेल्यावर गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें १८०५ त ती गीता निघाली. पुढें शिळाछाप आला व तांब्याचा पत्रा मागें पडला. पुण्यास १८७८ त चित्रशाळा निघाली, मुंबईस १८९४ त रविवर्मा छापखाना निघाला व तो पुढें मळवलीस गेला. ह्या छापखान्यांत चित्रकार रंगांनीं मूळ चित्र काढी, दगडांवर तें उतरविणारे कारागीर निराळे असत, आणि रंगागणिक दगड बदलून कागद पुनः पुनः दाबाखालीं जाई. नागपूरपर्यंत लोहमार्ग १८६७ त पोंचला होता. ज्या मार्गामुळें आमच्या चांदुराच्या नांवास ‘रेल्वे’ हें पद कायमचें चिकटलें, त्याच मार्गानें हीं चित्रें वऱ्हाडांतील माजघरांत व दुकानांत येऊन बसलीं. तीं खरोखरच नकला होत्या. त्यांची योग्यता निराळी आहे व ती आम्ही कमी लेखीत नाहीं. पण छापील म्हणजे नक्कल हा आमचा समज त्यांनींच घडविला. देवयानी कृष्ण यांचें काम त्या परंपरेंतलें नव्हे. तें मिरजेच्या तांबटाच्या पत्र्याशीं अधिक जवळचें आहे. फरक एवढाच कीं, येथें कोरणारा, शाई भरणारा आणि योजणारा एकच हात आहे.

देवयानीबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतला, इंदूरचा. माहेरचें आडनांव जाधव. (जाधव म्हणतांच वऱ्हाडकरांस सिंदखेड आठवेल, परंतु आडनांवाच्या साम्यावर वंशावळी रचण्याचा जो रोग आमच्यांत आहे त्यास येथें जागा देऊं नये.) होळकरांच्या इंदुरांत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनीं १९२७ त चित्रकलेची शाळा काढली होती. नारायण श्रीधर बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन हे त्याच गुरूच्या हाताखालून गेले. देवयानीबाईंचेंहि आरंभींचें शिक्षण देवळालीकरांकडेच झालें. तेथून त्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें आल्या. १८५७ त सुरू झालेल्या ह्या शाळेंत मनुष्याकृतीचा अभ्यास हा शिक्षणाचा कणा होता. समोर माणूस बसवून त्याच्या अंगाचें माप, तोल व छाया नजरेनें पकडण्याची शिस्त तेथें लावीत. ती शिस्त देवयानीबाईंच्या हातांत शेवटपर्यंत राहिली, असें त्यांच्या पुढच्या कामावरून आम्हांस वाटतें. १९४० च्या सुमारास त्यांनीं चित्रकलेची पदविका घेतली व त्यानंतर भित्तिचित्रांचा विशेष अभ्यास केला.

१९४२ त त्यांचा विवाह कंवल कृष्ण यांच्याशीं झाला. हे मूळचे पंजाबचे. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेंत शिकलेले. १९४० त ल्हासा येथें चौदाव्या दलाई लामांचें पीठारोहण झालें, त्या वेळीं गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर चित्रकार म्हणून ते होते. विवाहानंतर उभयतां हिमालयाच्या बाजूस पुष्कळ हिंडलीं. १९४९ नंतरच्या दोन तीन वर्षांत सिक्कीम व तिबेटच्या सरहद्दीकडे त्यांचा मुक्काम होता. कंवल कृष्ण यांची नजर बर्फाच्या शिखरांवर व आकाशावर राहिली. देवयानीबाईंची मठांतील नाचांवर, विशेषतः नाचणारांच्या मुखवट्यांवर. मुखवट्यांचीं त्यांनीं रेखाटनें केलीं, त्यांवरील आकृतींचा व रंगांचा अभ्यास केला. खेळण्यांचाहि असाच अभ्यास त्यांनीं केलेला आहे, आणि मेण लावून कापड रंगविण्याच्या बाटिक कामांतहि त्यांचा हात चाले.

वरवर पाहतां हे तीन छंद निरनिराळे दिसतात. आमच्या मतें ते एकच आहेत. मुखवटा म्हणजे माणसाचा चेहरा असून माणसाचा नसलेला. खेळणें म्हणजे माणसाचें अंग कमींत कमी खुणांत उतरविलेलें. हुबेहूब मनुष्याकृति काढावयास शिकलेल्या विद्यार्थिनीस तिच्यापासून दूर जाण्याची वाट येथें सांपडली. बाटिकाची गोष्ट तर सरळ कारागिरीची आहे. ज्या जागेस रंग लागावयास नको तेथें मेण लावणें, मग रंगांत बुडविणें, हीच रीत अम्लरेखनांत पत्र्यावर चालते. पत्र्यास मेण व डांबर यांचा लेप देतात, सुईनें लेप खरवडून धातु उघडी करतात, आणि पत्रा तेजाबांत सोडतात. उघड्या जागीं तेजाब धातु खातें, झांकलेल्या जागीं खात नाहीं. जितका वेळ ठेवावा तितका खळगा खोल, आणि खळगा जितका खोल तितकी शाई अधिक. पातळ छटा हवी असेल तर राळेची पूड पत्र्यावर बसवून तापवितात, म्हणजे कणांच्या मधून तेजाब बारीक बारीक टोंचे पाडतें. बाटिक केलेल्या हातास हें सर्व परकें वाटण्याचें कारण नव्हतें.

ह्या कामास त्यांनीं प्रत्यक्ष हात घातला तो दिल्लीस. १९५४ च्या सुमारास देवयानीबाई मॉडर्न स्कूलमध्यें चित्रकलेच्या शिक्षिका झाल्या. कंवल कृष्णहि तेथेंच शिकवीत. १९५५ च्या सुमारास ह्या दांपत्यानें दिल्लींत स्वतःचा दाबयंत्राचा कारखाना उभारला. त्या वेळीं भारतांत लाकडी ठसे कोरणारे होते, शिळाछाप करणारे होते, एकरंगी अम्लरेखन करणारेहि थोडे होते. पण एका पत्र्यावरून अनेक रंग काढणारे जवळजवळ नव्हते.

ती रीत पॅरिसमधील स्टॅन्ले विल्यम हेटर या इंग्रज कलावंताच्या ‘आतलिये १७’ नांवाच्या कार्यशाळेंत पक्की झाली. कार्यशाळा १९२७ ची. हेटर युद्धकाळांत न्यूयॉर्कला गेला व १९५० त परतला. त्यानंतरच्या वर्षांत तेथें काम करणाऱ्या मंडळींत कृष्ण रेड्डी व काईको मोती हे दोन भारतीय होते, व रंगांची ही युक्ति सिद्ध करण्यांत त्या दोघांचा मोठा वांटा आहे. ती अशी : पत्रा एकसारखा न कोरतां वर, मध्यें व खोल अशा तीन पातळ्या करावयाच्या. खोल रेघांत एक शाई भरून पुसावयाची. मग तेल जास्त घातलेली सैल शाई कठीण रुळानें फिरवावयाची, ती फक्त उंच भागास लागते. नंतर तेल कमी असलेली घट्ट शाई मऊ रुळानें फिरवावयाची. मऊ रूळ दबून मधल्या पातळीपर्यंत पोंचतो, पण उंच भागावर आधींच बसलेली तेलकट शाई ह्या घट्ट शाईस आपल्यावर बसूं देत नाहीं. अशा रीतीनें तीन रंग एकमेकांत न मिसळतां एका पत्र्यावर राहतात, व एका दाबांत कागदावर येतात. रविवर्मा छापखान्यांत जेथें रंगागणिक दगड लागत, तेथें एक पत्रा पुरतो. परंतु शाईंतील तेलाचें मान, रुळावरचा जोर व हवेंतील उष्मा दर खेपेस सारखीं ठेवणें मोठें कठीण. म्हणून ह्या जातीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या क्वचितच निघतात. जो हें एकदां समजला तो अशा कागदास नक्कल म्हणणार नाहीं.

देवयानीबाईंनीं पत्रा खोदण्याबरोबरच पत्र्यावर किंवा पुठ्ठ्यावर वस्तू चिकटवून उंचवटे तयार करण्याची रीतहि वापरली. त्यामुळें त्यांच्या कागदाचा पृष्ठभाग पुष्कळदां सपाट नसतो. आकृति फुगून वर आलेली असते, आणि बाजूनें उजेड धरला म्हणजे तिची सांवली पडते. शिलालेखाच्या कोरड्या ठशास जो उठाव असतो त्याची येथें आठवण होते. मुखवट्यांचे विषय त्यांनीं अशाच रीतीनें हाताळले.

आमच्या वाचकांस विशेष वाटेल ती त्यांची ‘अल्लाह’ ही मालिका. तिच्यांत अरबी लिपींतील तो शब्द हाच चित्राचा विषय आहे. फार्सी दप्तरें हाताळणारांस हें सांगावयास नको कीं, त्या लिपींत एक शब्द लिहिण्याचे किती प्रकार असतात व सुलेखकाच्या हातीं अक्षर हें कसें आकृति बनतें. मात्र कागदावर बोरूनें लिहिणें वेगळें, आणि पत्र्यावर तो शब्द उलटा घडवून कागदावर सुलटा उमटविणें वेगळें. मिरजेच्या तांबटास जी अडचण देवनागरींत आली तीच येथें अरबींत. मनुष्याकृति शिकून, मुखवट्यावरून जाऊन, शेवटीं ज्यास आकारच नाहीं त्याच्या नांवाच्या आकृतीपर्यंत ही बाई आली. मालिकेंतील सर्वच चित्रें आम्हांस सारखीं आवडलीं असें नाहीं. कांहींत रंगांची दाटी शब्दास गुदमरविते. पण ज्यांत शाई आवरलेली आहे व कागदाचा उठावच बोलतो, तीं पाहतांना हातीं जुना शिक्का आल्यासारखें होतें.

पत्र्यावरील रंगांची ही खटपट युरोपांतहि जुनी आहे. वलंदेजांचें नांव आम्हांस वेंगुर्ल्याच्या वखारीमुळें ओळखीचें. परंतु ज्या शतकांत ते वेंगुर्ल्यास मिरीचा व कापडाचा व्यवहार करीत होते, त्याच शतकाच्या अखेरीस निमेगेन शहरच्या योहानेस टेलर यानें एकाच तांब्याच्या पत्र्यावर निरनिराळे रंग पुरचुंडीनें भरून एका दाबांत रंगीत चित्रें काढलीं होतीं. त्याच देशांत त्याच शतकांत पत्रे कोरणाऱ्या स्त्रियाहि होऊन गेल्या, आणि त्यांच्या कागदांची हकीकत येथें उपयोगी पडेल. उट्रेख्ट येथें वाढलेली माग्दालेना फान द पासे (इ. स. १६०० ते १६३८) ही खोदकाम करणाऱ्या घराण्यांतली, बाप क्रिस्पिन व तिघे भाऊ सर्व त्याच धंद्यांत. असें असूनहि तिचे पत्रे बापाच्या नांवावर गेले नाहींत, कारण ती आपली सही पत्र्यावरच कोरीत असे. दुसरी खेर्त्रुइट रोखमान, १६२५ त जन्मलेली. तिनें शिवणारी, सूत कांतणारी, स्वयंपाक करणारी, भांडीं घासणारी अशा घरकामांतील स्त्रियांच्या पांच आकृती कोरल्या. त्यांपैकीं कांहींत बाई पाहणाराकडे पाठ करून कामांत गढलेली आहे.

युरोपांतील त्या काळच्या पत्र्यांच्या खालीं तीन लॅटिन शब्द येतात ते संग्राहकांनीं लक्षांत ठेवावे. ‘इन्व्हेनिट’ म्हणजे अमक्यानें योजिलें, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे अमक्यानें कोरलें, ‘एक्स्कुडिट’ म्हणजे अमक्यानें छापून प्रसिद्ध केलें. आपल्या पत्रांत मजकूर सांगणारा, लिहिणारा कारकून व शिक्का करणारा हे जसे निरनिराळे असतात, तसाच हा प्रकार. रोखमान हिनें ह्या मालिकेंत योजणारी व कोरणारी ह्या दोन्ही जागीं आपलेंच नांव घातलें. तेवढ्या दोन शब्दांवर तिची कीर्ति उभी आहे. ते नसते तर तिच्या चित्रकार भावाच्या, रुलांट रोखमान याच्या नांवावर तीं चित्रें जमा होण्यास वेळ लागला नसता.

विसाव्या शतकांतील मुद्राचित्रकार पत्र्यावर सही कोरीत नाहींत. चित्राच्या खालीं कोऱ्या कडेवर पेन्सिलीनें करतात. एका बाजूस अपूर्णांकासारखा अंक असतो. ३/२५ म्हणजे पंचवीस प्रतींपैकीं तिसरी. मध्यें किंवा शेजारीं चित्राचें नांव, दुसऱ्या टोंकास सही व वर्ष. देवयानी व कंवल कृष्ण यांच्या बाबतींत ह्या सहीचें महत्त्व दुप्पट आहे. दोघांचें आडनांव एक, कारखाना एक, दाबयंत्र एक, रीत एक, कालहि तोच. कड कापली व ‘कृष्ण’ एवढेंच कोठें पाठीवर लिहिलेलें राहिलें, तर तो कागद नवऱ्याच्या नांवावर नोंदला जाणार हें आम्हीं स्वतःच्या यादीवरून सांगूं शकतों. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासारख्या ठिकाणीं दोघांचीं कामें निरनिराळीं नोंदलेलीं आहेत म्हणून तेथें भय नाहीं. भय आहे तें खाजगी संग्रहांत, जेथें असा कागद कोणाच्या भेटींतून येतो व जुन्या चित्रांच्या वळकटींत जाऊन पडतो.

असा कागद हातीं आल्यास पहिली परीक्षा डोळ्यांची नव्हे, बोटांची. चित्राच्या चारही बाजूंस कागद खोल दबलेला आहे काय तें पाहावें. रेघेवर नख अलगद फिरवावें. पत्र्यावरून आलेली शाई किंचित् वर उठलेली असते, शिळाछापाची सपाट असते. मग बारीक भिंगांतून रंग पाहावा. शिळाछापांत दगडाचा दाणा किंवा ठिपके दिसतात व रंगांच्या कडा क्वचित् एकमेकांवर सरकलेल्या असतात. एका पत्र्याच्या चित्रांत तसें सरकणें संभवत नाहीं. कागद मागून खळीनें पुठ्ठ्यावर चिकटवूं नये, कारण उठाव त्यानें बसतो. पोथ्यांप्रमाणें फळ्यांत आंवळूनहि ठेवूं नये. कांच लावावयाची असल्यास ती चित्रास टेकणार नाहीं अशी मध्यें कोऱ्या पुठ्ठ्याची चौकट घालावी, आणि कड कितीहि मळलेली असली तरी कापूं नये. नोंद करतांना चित्राचें माप व कागदाचें माप निराळें लिहावें, पेन्सिलीचा मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा, व ‘छापील’ हा शब्द वापरूं नये; ‘मुद्राचित्र, अस्सल’ असें लिहावें.

चांदुरच्या यादींत आम्ही आतां त्याप्रमाणें दुरुस्ती केली आहे. चौथ्या कागदापुढें कर्त्याची जागा कोरी आहे. त्या घराण्यांतील दिल्लीस राहिलेल्या गृहस्थांचीं पत्रें अजून तपासावयाचीं असून, त्यांत चित्राच्या खरेदीचा किंवा भेटीचा उल्लेख सांपडल्यास तो पुढील अंकीं देऊं. देवयानी कृष्ण यांच्या सहीचे कागद वऱ्हाडांत अगर इतरत्र कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं सहीचें वळण, प्रतीचा अंक व पत्र्याच्या कडेचें माप आम्हांस कळविण्याची कृपा करावी. मूळ कागद पाठवूं नये.